दोन वाट्यांतलं पाणी

पुतळाबाईंच्या हाताला एक सवय होती आणि सहा वर्षं सगळ्यांनी तिचं कौतुकच केलं. खाऱ्या पाण्यातली वस्तू हातात आली की ती गोड्या पाण्यात बुडवल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. त्यांचे वडील गोटीराम दिवाळे गावाजवळच्या मिठागरावर कामाला होते. घरी आले की आधी फावडं धुवायचे, मग घमेलं, मग पाय, आणि सगळ्यात शेवटी तांब्याभर पाणी प्यायचे. आई, गोजरा, विहिरीवरून हंडे वाहून वाहून वैतागलेली असायची. ती म्हणायची, "पोरांना प्यायला पानी नाय आनी फावड्याला आंगोल!" त्यावर गोटीराम शांतपणे म्हणायचे, "मानूस गंजत नाय गो." पुतळाबाईंनी हे इतक्या वेळा ऐकलं होतं की पुढे नर्सिंगचा कोर्स करून त्या ऑपरेशन थिएटरच्या सिस्टर झाल्या, बोलणं शहरी झालं, तरी हात मात्र बापाचाच राहिला.

नेरूळला डॉ. स्वानंद रेग्यांचं डोळ्यांचं हॉस्पिटल होतं. सत्त्याण्णव साली त्यांनी चष्म्याचा नंबर घालवायचं लेझर आणलं, तेव्हा नव्या मुंबईतले लोक ते यंत्र नुसतं बघायलासुद्धा येत. काम ऐकायला सोपं होतं. बुबुळावर काचेसारखा जो पडदा असतो त्याचा वरचा पातळ पापुद्रा कापायचा. पूर्ण कापायचा नाही, एका कडेला पुस्तकाच्या पानासारखा जोडलेला ठेवायचा. या पानाला डॉक्टर फ्लॅप म्हणत. पान उलटायचं, खाली लेझर मारायचा, पान मिटायचं. टाका नाही, भूल नाही, फक्त बधिर करणारे थेंब. पेशंट टक्क जागा असतो आणि दहा मिनिटांत उठून बसतो.

पापुद्रा कापणाऱ्या यंत्राचं काडेपेटीएवढं डोकं असायचं, त्याला सगळे 'हेड' म्हणत. डोळ्यावर सतत सलाईन सोडलेलं असतं, म्हणजे मिठाचंच पाणी. आधीच्या सिस्टरनं एकदा हेड तसंच ठेवलं, आत मीठ वाळलं, चाकांचे दाते अडकले आणि नवीन हेड परदेशातून येईपर्यंत तीन आठवडे लेझर बंद. त्या सिस्टर गेल्या. जागेवर पुतळाबाई आल्या तेव्हा डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "हेड हातात आलं की पाण्यात. श्वास नंतर घ्या." दुसऱ्या कुणाला हे जाचक वाटलं असतं. पुतळाबाईंना माहेरी आल्यासारखं वाटलं.

त्यांनी आपली पद्धत बसवली. डिस्टिल्ड पाण्याच्या दोन स्टीलच्या वाट्या. पहिल्या वाटीत दोनदा खळबळ, दुसरीत एकदा, आणि हेड ट्रेमध्ये पालथं. डॉक्टर मायक्रोस्कोपमधून डोळाही न काढता हेड खांद्यावरून मागे धरत, पुतळाबाई ते झेलत. दोघांचं इतकं जमलेलं होतं की लेझरचा कॉम्प्युटर सांभाळणारा मितेश म्हणायचा, "सर, तुमचं दोघांचं म्हणजे स्लिपमधला कॅच आहे."

दोन हजार चारच्या फेब्रुवारीतला शनिवार. तिसरी पेशंट जाई जगताप, सीवूड्सला राहणारी, चोवीस वर्षांची. पावणे गावाजवळच्या एका केमिकल कंपनीत ती प्रयोगशाळेत होती. उजव्या डोळ्याला उणे आठ नंबर, डाव्याला साडेसात. कामावर चष्म्यावरून सुरक्षेचा गॉगल लावावा लागे, दोन्हींवर वाफ धरे. द्रावणाचा रंग ज्या थेंबाला बदलतो तो थेंब नेमका धुक्यात पडायचा आणि साहेब सगळ्यांसमोर बोलायचा. आधी फक्त उजवा डोळा करायचा आणि तो बरा झाला की डावा, असं ठरलं होतं. आई विजयमालाबाई बाहेर बाकावर बसल्या होत्या. मूळच्या साताऱ्याकडच्या. जाईला आत नेताना त्यांनी पुतळाबाईंचा हात धरला होता आणि म्हणाल्या होत्या, "सिस्टर, पोरगी घाबरत नाही म्हणतीया, पर सकाळपासून घोटभर च्या बी घेतला नाही तिनं. जरा बघा."

"मी आहे ना," पुतळाबाई म्हणाल्या होत्या. आपण असलो म्हणजे पेशंटचं बरंच होतं, असं तोवर त्यांना खरंच वाटत होतं.

पापण्या फाकवणारी तार बसवली. डॉक्टरांनी जांभळ्या शाईनं बुबुळाच्या कडेवर दोन खुणा केल्या, एक लांब रेघ आणि एक आखूड, कापाच्या रेषेच्या आतबाहेर जातील अशा. पान चुकून हललं तर परत नेमकं जागेवर आणता यावं म्हणून ही काळजी. मग म्हणाले, "जाई, आता त्या डोळ्यापुढे अंधार येईल. घाबरायचं नाही. पंधरा सेकंद." यंत्र घरघरलं, पुढे गेलं, मागे आलं. खांद्यावरून हेड मागे आलं. पुतळाबाईंनी झेललं. पहिल्या वाटीत खळबळ, खळबळ. दुसरीत एकदा. ट्रेमध्ये पालथं.

डॉक्टर पान उचलायला बारीक पट्टी घेऊन वाकले आणि तिथेच थांबले.

"फ्लॅप कुठाय?" ते म्हणाले. विचारलं कुणालाच नव्हतं, त्या डोळ्यालाच विचारल्यासारखं ते वाक्य होतं.

पान सुटलं होतं. काही डोळे जन्मतः जरा चपटे असतात, त्यांच्यावर यंत्राला कड जोडलेली ठेवायला पुरेसा उंचवटा मिळत नाही. जाईचा डोळा तसा होता. तपासणीच्या कागदावर तो आकडा लिहिलेला होता, डॉक्टरांनी तो वाचलाही होता, पण आधीचे दोन डोळे लोण्यासारखे गेले होते आणि माणूस तेवढ्यावर सैल पडतो. सुटलेलं पान यंत्रातच राहतं. ते अलगद काढायचं, सलाईनच्या थेंबात ठेवायचं आणि शेवटी पुन्हा जागेवर बसवायचं. पुस्तकात हे दोन ओळींत दिलेलं असतं. त्या दोन ओळींत पुतळाबाई नसतात.

"सिस्टर, हेड बघू."

त्यांनी हेड पुढे केलं. त्यातून स्वच्छ पाणी टपकत होतं. डॉक्टरांनी ते मायक्रोस्कोपखाली धरलं, उलटं केलं, पातं बघितलं. आत काहीच नव्हतं.

"धुतलंत?"

"धुतलं," पुतळाबाई म्हणाल्या. एवढा एक शब्द उच्चारतानाच त्यांना कळलं की आपण काय धुतलं.

शर्टाच्या गुंडीएवढा तुकडा. कांद्याच्या आतल्या पापुद्र्याहून पातळ आणि पाण्याइतकाच पारदर्शक. पाण्याच्या दोन वाट्या, एक ओला ट्रे, ओले ग्लोव्हज, निळा गाऊन आणि खाली मोठी फरशी. कुठेही असू शकत होता. एकाच जागी तो नव्हता, आणि ती जागा टेबलावर उघडी पडून कोरडी होत चालली होती.

"मितेश, जागचा हलू नकोस. पाय उचलू नकोस," डॉक्टर म्हणाले. त्यांचा आवाज खाली गेला होता. ते ओरडले असते तर बरं झालं असतं, असं पुतळाबाईंना वाटलं. "साध्या पाण्यात तो फुगत जातो. पाच मिनिटं. फार तर दहा. त्यानंतर मिळूनही उपयोग नाही."

"आनी नायच मिलला तर?" शहरी बोलणं कधी गळून पडलं ते पुतळाबाईंच्या लक्षातही आलं नाही.

डॉक्टरांनी टेबलाकडे पाहिलं आणि ओठ न हलवता बोलल्यासारखं सांगितलं, "मग वरचा पडदाच नाही. जखम भरेल. डाग राहील. बरोबर मध्यभागी."

टेबलावरून आवाज आला, "डॉक्टर, काही पडलं का?"

एसी घुमत होता.

"नाही," डॉक्टर म्हणाले. "तू समोरच्या लाल दिव्याकडे बघत राहा. छान बघतेस." त्यांनी डोळ्यावर सलाईनचा एक थेंब सोडला आणि कडेनं ओली कापडी पट्टी धरून ठेवली. तो लाल दिवा लेझरसाठी होता. लेझर आता होणार नव्हता. पोरगी उगीच त्या दिव्याकडे बघत पडून होती आणि हे खोलीतल्या तिघांनाही ठाऊक होतं.

"गॉज घ्या," डॉक्टर म्हणाले. "पाणी गाळून काढू. दोन्ही वाट्या."

पुतळाबाईंनी दोन्ही हात वाट्यांवर आडवे धरले. "नको. जाळीत चिकटंल आनी फाटंल. वतू नका."

"सिस्टर, मी सांगतोय ते करा."

"नाय करनार."

सहा वर्षांत त्यांनी हा शब्द डॉक्टरांना कधी ऐकवला नव्हता. मितेशचे डोळे मास्कच्या वर वाटोळे झाले. डॉक्टरांचा हात पट्टीवर अडकलेला होता. तो सोडून ते उठू शकत नव्हते, नाहीतर त्यांनी वाटी हिसकावूनच घेतली असती.

"लहानपनी मिठागराच्या नाल्यात झिंग्याची पिलं धरायचो आमी," पुतळाबाई भरभर बोलत होत्या, आणि आपण हे कुणाला सांगतोय याचं त्यांना भान नव्हतं. "काचंसारखी असतात. वरून दिसत नाय. खाली सावली पडते, ती बघायची. मितेश, दिवे बंद कर. टॉर्च दे. पांढरा ट्रे कुठाय?"

"दिवे का गेले?" जाईनं विचारलं.

"मुद्दाम घालवलेत," डॉक्टर म्हणाले. "डोळ्याला आराम."

पांढरा चिनी मातीचा ट्रे जमिनीलगतच्या स्टुलावर ठेवला. मितेश, दोन पोरांचा बाप, गुडघ्यांवर बसून टॉर्च अगदी आडवा धरून होता. औषधाच्या पेल्यानं पुतळाबाई पहिल्या वाटीतलं पाणी थोडं थोडं ट्रेमध्ये सोडू लागल्या. प्रत्येक पेल्यानंतर थांबायचं, पाणी निवळू द्यायचं, बुडाशी बघायचं. एक गोल कडं दिसलं. मितेश "मिळालं!" म्हणून ओरडला. ते कडं वर आलं आणि फुटलं. बुडबुडा होता.

"तीन मिनिटं," डॉक्टर म्हणाले.

पहिली वाटी संपली. काही नाही. दुसरी वाटी सुरू झाली. पुतळाबाईंना एकवीरा आठवली, गावातली खोकरी देवी आठवली, आणि कुणालाही नवस बोलायला त्यांची जीभ उचलेना. कुठल्या तोंडानं मागायचं? चोरी तर आपल्याच हातानं केलेली. दुसऱ्या वाटीच्या तळाशी एक धागा निघाला, गॉजचा. बाकी नुसतं पाणी.

"पाच."

"सिस्टर," टेबलावरची मुलगी म्हणाली, "तुम्ही काय शोधताय?"

पुतळाबाईंना रडू फुटलं. मास्कच्या आत नाक वाहायला लागलं आणि ते पुसायलाही हात मोकळा नव्हता. ग्लोव्हज पालथे घालून पाहिले, गाऊनचा पुढचा भाग टॉर्चनं इंच इंच पाहिला, ट्रेची कड पाहिली. मितेश फरशीवर गाल टेकून जवळजवळ आडवा झाला होता. जमिनीवर पडलेले सगळे थेंब त्याला पापुद्र्यासारखे दिसत होते आणि प्रत्येक वेळी तो बोट पुढे करून मागे घेत होता.

"माजी चूक हाय," पुतळाबाई अंधारात म्हणाल्या. "मीच धुतला. माज्या हातानं." त्या कुणालाच उद्देशून बोलत नव्हत्या.

"आत्ता नको ते," डॉक्टर म्हणाले. "सात मिनिटं झाली." आणि मग थकलेल्या आवाजात, "मी न बघता दिलं."

त्यानंतर जे झालं ते सांगायलाही अंगावर काटा येतो. पहिली वाटी रिकामी होती. रिकामी वाटी बाजूला ठेवायची तर विसळून ठेवायची, हे पुतळाबाईंच्या हाताला माहीत होतं. डोकं रडत होतं आणि हात आपलं काम करत होता. डाव्या हातानं वाटी उचलली, उजव्या हातानं डिस्टिल्ड पाण्याची बाटली. बाटली तिरपी झाली. पाणी तोंडाशी आलं.

त्यांनी स्वतःच्या हाताकडे पाहिलं आणि भीतीनं त्यांचा हातच थिजला. बाटली सरळ झाली.

"मितेश," त्या कुजबुजल्या. "टॉर्च."

वाटीच्या आतल्या भिंतीवर थेंब होते. टॉर्च आडवा आला तसे ते चमकले. वाटी तिरपी होती म्हणून ते एकामागून एक खाली ओघळत होते. एक ओघळत नव्हता. काठापासून बोटभर खाली, जिथे पाण्याची पातळी कधी पोचलीच नव्हती तिथे, खळबळताना उडालेला तो भिंतीला चिकटून बसला होता. सावली बघत घालवलेली चार मिनिटं फुकट गेली होती. पाण्यात तो नव्हताच.

"हाय," त्या म्हणाल्या. "डॉक्टर, हाय. हिथं हाय."

"हात लावू नका. वाटी अशीच घेऊन या. अशीच."

चार पावलं होती. पुतळाबाईंनी आयुष्यात इतकं जपून काहीच उचलून नेलं नव्हतं, पोटची पोरंसुद्धा नाहीत. डॉक्टरांनी मायक्रोस्कोप वाटीवर फिरवला, सलाईनचा थेंब सोडला, बोथट पट्टीनं पापुद्रा सोडवला. तो कडेला पांढुरका झाला होता, पण अख्खा होता. आता दुसरं संकट. त्याची वरची बाजू कुठली आणि खालची कुठली, आणि तो कुठल्या दिशेनं बसवायचा? उलटा बसला तर धरणार नाही, फिरलेला बसला तर दिसेल ते सगळं वाकडं दिसेल. त्यासाठी तर खुणा केल्या होत्या. पाण्यानं त्याही धुतल्या होत्या.

डॉक्टर बराच वेळ बघत राहिले. त्यांच्या टोपीखालून घाम कानामागे उतरत होता, एसी असून.

"आखूड गेली," ते म्हणाले. "लांब रेघ आहे. अर्धी. सिस्टर, या बाजूनं लाईट द्या. अजून. हां." पापुद्रा एकदा डोळ्यावर टेकवला, उचलला, पुन्हा पाहिला. दुसऱ्यांदा टेकवला. डोळ्यावरच्या जांभळ्या रेघेचं टोक आणि पापुद्र्यावरच्या रेघेचं टोक जवळ आलं, अडखळलं, एकाला एक लागलं. खालचं पाणी त्यांनी शोषून घेतलं आणि हात बाजूला केले.

मग पाच मिनिटं थांबायचं होतं. कडा वाळून धरतात का ते बघायचं, बाकी काही करायचं नाही. पुतळाबाईंनी तोवर जाईचा हात धरला. तिची बोटं थंडगार होती. तिनं हात काढून घेतला नाही आणि दाबलाही नाही.

पापुद्रा धरला. वर संरक्षणासाठी साधी कॉन्टॅक्ट लेन्स ठेवली. "जाई, आज लेझर करत नाही," डॉक्टर म्हणाले. "पापुद्रा हवा तसा आला नाही. म्हणून आहे तसाच परत बसवला. तीन महिन्यांनी बघू." बाहेर जाऊन त्यांनी विजयमालाबाईंनाही तेच सांगितलं. शब्द खोटा एकही नव्हता. विजयमालाबाई हात जोडून म्हणाल्या, "देवमाणूस हाय तुमी, येळेवर थांबलात." भिंतीला टेकून उभ्या असलेल्या पुतळाबाईंना जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं.

सगळे गेल्यावर डॉक्टरांनी त्यांना केबिनमध्ये बोलावलं. "चूक दोघांची आहे. माझी जास्त. तो नियम माझा होता. आता हेड आधी मी बघणार, मग तुम्ही धुणार." मग म्हणाले, "बाहेर बोलू नका. एक शब्द गेला तर हे हॉस्पिटल उभं राहायचं नाही. आणि उद्यापासून जाईला दुसरी सिस्टर, नमिता, बघेल. जाई रोज सकाळी थेंब घालून घ्यायला येईल. तुम्ही समोर नकोत."

पुतळाबाई मान हलवून निघाल्या. घरी नवऱ्यानं विचारलं तर डोकं दुखतंय म्हणाल्या. पानात वाढलेलं तसंच राहिलं.

रविवारी सकाळी हॉस्पिटल फक्त जाईसाठी उघडलं. पट्टी काढली. डॉक्टरांनी मायक्रोस्कोपमधून पाहिलं आणि सुटकेचा श्वास टाकला. पापुद्रा जागेवर होता. मग जाईनं आपला जुना जाड चष्मा घातला, डावा डोळा हातानं झाकला आणि समोरच्या तक्त्याकडे पाहिलं. कालच्या सकाळपर्यंत ह्याच चष्म्यानं ती शेवटची ओळ घडाघडा वाचत होती.

"वरचं मोठं अक्षर दिसतं," ती म्हणाली. "त्याच्या खालची ओळ... आहे असं वाटतं. धूर आहे मध्ये."

"सूज आहे ती," डॉक्टर म्हणाले. "उतरेल. एक महिना दे."

"पूर्ण उतरेल?"

डॉक्टरांनी चिठ्ठी लिहायला घेतली. "उतरायला हवी," ते म्हणाले.

चष्मा घालवायला आलेली मुलगी, आणि आता सगळ्यांची आशा एवढीच की तो जुना चष्मा तरी पुन्हा उपयोगी पडावा. दाराआडून ऐकणाऱ्या पुतळाबाईंना ते सहन झालं नाही. विजयमालाबाई खाली औषधाच्या दुकानात गेल्या आणि जाई जिन्याच्या पहिल्या वळणावर कठड्याला धरून उभी राहिली, तेवढ्यात त्या धावत तिच्यापाशी गेल्या. डॉक्टरांनी काय बजावलं होतं ते त्यांना आठवत होतं. नोकरी जाईल हेही कळत होतं.

"जाई, बाळा, मला तुला सांगायचंय. काल जे झालं ना, ते..."

"तुम्ही धुतलंत," जाई म्हणाली.

पुतळाबाईंनी कठडा धरला.

"मी जागी होते, सिस्टर. डोळा क्लिप लावून उघडा ठेवला होता आणि कान बंद करायची काही सोय नव्हती. पाच मिनिटं, सात मिनिटं, मितेश जमिनीवर, सगळं ऐकलं मी. मध्यभागी डाग राहील तेसुद्धा." ती सरळ समोर बघत बोलत होती. "आईला सांगितलं नाही. तिला झोप लागली नसती."

"मला माफ कर, पोरी. रात्रभर डोळ्याला डोळा नाही लागला. म्हटलं, काय व्हायचं ते होऊ दे, पण हिला सांगायचंच."

"हां. आता तुम्हाला बरं वाटत असेल."

हे तिनं रागानं म्हटलं नाही, म्हणून ते जास्त लागलं. पुतळाबाईंनी तोंड उघडलं आणि त्यांच्या ध्यानात आलं की खरंच, सांगून टाकल्याबरोबर छातीवरचं काहीतरी उतरलं होतं. त्यांची त्यांनाच लाज वाटली.

"मला नाही वाटलं," जाई म्हणाली. "मला सोमवारी कामावर सांगायचंय की महिनाभर येणार नाही. महिन्यानंतर काय सांगायचं ते मला माहीत नाही. डॉक्टरांना पण माहीत नाही. मी त्यांचं तोंड बघितलं, डाव्या डोळ्यानं."

खालून विजयमालाबाईंची हाक आली. रिक्षा थांबली होती. जाई दोन पायऱ्या उतरली. तिसरी पायरी कुठे आहे ते तिनं पायानं चाचपलं, मग थांबली आणि मागे न वळता विचारलं, "उद्यापासून रोज थेंब घालायला यायचंय. नमिता सिस्टर घालणार म्हणाले. का?"

"डॉक्टरांनी मला नको सांगितलं. तुझ्यासमोर."

"त्या चांगल्या आहेत. मघाशी गप्पा मारत मारत ड्रॉपरचं टोक डोळ्यापाशी आणत होत्या. हात अगदी मोकळा." जाईनं कठड्यावरची पकड बदलली. "तुमचा हात कापतो का आता?"

पुतळाबाईंनी आपला हात पुढे धरून पाहिला. खोटं बोलून उपयोग नव्हता. "कापतो," त्या म्हणाल्या. "कालपासून कापतोय. तुझ्या डोळ्याजवळ आणायची मला हिंमत नाही व्हायची."

"मग तुम्हीच घाला," जाई म्हणाली. "डॉक्टरांना मी सांगते. त्या माझ्या डोळ्याला घाबरत नाहीत. तुम्ही घाबरता."

आणि कठडा धरून, एकेक पायरी चाचपत ती खाली उतरू लागली.